भिकुबाई अक्काची साक्ष

दर रविवारी सकाळी कोणी ना कोणी मला तो व्हिडिओ पाठवतं. कधी पारोळ्याची मावसबहीण, कधी धुळ्याच्या माझ्या जुन्या मैत्रिणी, कधी ज्यांचं नाव माझ्या फोनमध्येही नाही असे लोक. चार मिनिटांचा आहे. खाली लिहिलेलं असतं, 'आशीर्वाद हवा असेल तर दहा जणांना पाठवा.' त्यात आमच्या चर्चची निळी भिंत दिसते, समोर भिकुबाई अक्का बोलताना दिसते, आणि तिचा पदर धरून उभी असलेली सात वर्षांची शीतल दिसते. पिवळा फ्रॉक, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. त्या रविवारनंतर सहाव्या दिवशी शीतल वारली. ते काही व्हिडिओत नाही. पाठवणाऱ्यांना माहीत नसतं, आणि सांगितलेलं आवडत नाही. एका बाईला मी कळवलं होतं. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच व्हिडिओ.

मी चारुलता. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, यावलला निवृत्त झाले. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत. माझा देवावर विश्वास आहे आणि थर्मामीटरवरही, आणि या दोघांचं भांडण झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. भांडतात ती माणसं. भिकुबाई अक्काशी तर मी तीस वर्षं भांडले, आणि ती आजारी पडली की दोन वेळचं पेजपाणीही मीच नेऊन दिलं.

आमचं चर्च यावलच्या वर, केळीच्या बागा संपून सातपुड्याचा चढ सुरू होतो तिथे आहे. चर्चभोवती जुनं मिशन कंपाउंड, त्यात आम्हा दहा-बारा ख्रिस्ती कुटुंबांची घरं. तीन पिढ्यांपासूनचे आम्ही. कोणी मास्तर, कोणी सिस्टर, कोणी एसटीत. रविवारी वरच्या पाड्यांवरून पावरा आदिवासी उपासनेला येतात. ते अलीकडचे, पंचवीस-तीस वर्षांतले. त्यांना चर्चमध्ये आणलं ते अक्काने.

अक्का शिंदखेड्याकडची. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, आणि सासरी जागा उरली नाही म्हणून माहेरच्या चर्चच्या पाळकांनी तिला बायबलबाईच्या, म्हणजे घरोघर जाऊन बायबल शिकवणाऱ्या बाईच्या, शिक्षणाला घातलं. चोविसाव्या वर्षी एक पेटी आणि एक छत्री घेऊन ती आमच्याकडे आली. चर्चच्या मागची एक खोली तिला मिळाली, ती आज सत्तेचाळीस वर्षं तिच्याकडे आहे. आली तेव्हा गाव तिला हसलं. अहिराणी बोलायची, पायात रबरी चपला, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. पाड्यांवर जायची, बायकांना सही करायला शिकवायची, बाळंतपणाला रात्र-रात्र बसायची. नाळ स्वच्छ ब्लेडने कापा, हे तिने जितक्या बायकांना शिकवलं तितक्यांना आमच्या खात्यानेही शिकवलं नसेल. मी हे तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर ती डोक्यावर बसली असती.

तिची खरी ताकद साक्षीत होती. आमच्यात उपासनेच्या मध्यावर साक्षीची वेळ असते. आठवड्यात देवाने कोणाचं काय भलं केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. बाकीचे दोन वाक्यं अडखळत बोलून खाली बसतात. अक्का उभी राहिली की लोक पंखा बंद करायचे, तिचा शब्द चुकू नये म्हणून. एरवी अहिराणी बोलणारी ही बाई साक्ष देताना अगदी पुस्तकी मराठी बोलायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे बरं झालेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा, सगळं तिला अवगत होतं. मी तिला चिडवायची, "अक्का, तू तमाशात असतीस तर बंगला बांधला असतास." ती म्हणायची, "मना बंगला वर शे, चारू. तुनी भाड्यानी खोली खाले ऱ्हाई."

एक प्रथाही तिनेच पाडली, आणि त्यात माझाही हात होता. तीस वर्षांपूर्वी वना नावाच्या एकाला क्षयरोग झाला. सहा महिने मी त्याला समोर उभं करून गोळ्या गिळायला लावल्या आणि अक्काने सहा महिने त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो खडखडीत बरा झाला, तेव्हा अक्काने त्याला साक्षीला उभं केलं आणि गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवायला लावली. औषधही देवाचं, ते संपलं तेही देवाच्या कृपेने, असा त्याचा अर्थ. मला फार आवडलं होतं ते. पुढे बरं झालेला जो तो साक्षीच्या दिवशी पाकिटं आणू लागला. आणि माणसं कशी असतात पाहा, पाच-दहा वर्षांत पाकिटं रिकामी असायला हवीत हे सगळे विसरले. दोन दिवस ताप उतरला की लोक भरलेली पाकिटं मेजावर ठेवू लागले. आता गरज नाही, देवाने केलं. मी उपासना संपल्यावर ती गोळा करून ज्याची त्याला परत नेऊन द्यायची आणि चार शब्द सुनवायची. अक्काला म्हटलं, ही प्रथा बंद कर. ती म्हणाली, "लोकस्ना विश्वास वाढी राहिना, नि तू गोळ्या मोजी राहिनी."

शीतल ही वरच्या पाड्यावरच्या भुरा आणि रुपलीची थोरली. तिला सिकलसेल होतं. आमच्या डोंगरपट्ट्यात घराघरात आहे. यात पोराच्या हातापायांत अशा कळा येतात की ते उलटंपालटं होऊन ओरडतं, आणि चार-सहा दिवसांनी कळा आपोआप थांबतात. पोर उठून खेळू लागतं. आजार रक्तातच असतो, तो कुठे जात नाही. रोजच्या कॅप्सूल आणि पिवळ्या गोळ्या चालू ठेवायच्या, आणि ताप आला तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठायचा, एवढंच आपल्या हातात. पण त्या सहा दिवसांत कोणी प्रार्थना केलेली असेल तर कळा प्रार्थनेने थांबल्या असं वाटणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

तसंच झालं. शीतलच्या कळा थांबल्या, अक्काने साक्ष दिली, रुपलीने भरलेली पाकिटं मेजावर ठेवली, आणि एका पोराने मोबाइलवर सगळं टिपलं. पाकिटं सोमवारी परत नेऊन देऊ असं मी मनात म्हटलं. सोमवारी पहाटे जळगावहून भावाच्या मुलाचा फोन आला, भावाच्या छातीत दुखतंय. मी निघून गेले. आठ दिवस तिकडेच होते. शनिवारी सकाळी शीतलला जीपमध्ये घालून यावलला नेत असताना ती वाटेतच गेली, हे मला फोनवर कळलं.

देवाने दिली, देवाने नेली, असं सगळे म्हणाले. भुरा दोन महिने उसाच्या टोळीबरोबर निघून गेला. आणि अक्काने साक्ष देणं बंद केलं.

लोकांना वाटलं, वय झालं. मला वेगळं दिसत होतं. रविवारी दुपारी ती मुलांचा वर्ग घ्यायची. आधी पोरं मोजायची आणि तेवढी बिस्किटं ताटलीत काढायची. शीतल गेल्यापासून ताटलीत दरवेळी एक बिस्किट उरायला लागलं. पोरं सतरा असली की अक्का अठरा मोजायची. एकदा मी शेजारी उभी राहून तिच्यासोबत मोजली. सतरा. ती म्हणाली, "दारमा एक शे ना." दारात कोणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. उन्हाळ्याच्या भर दुपारी, समोर पोरं गोंधळ घालत असताना. मी तिला यावलला नेऊन डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत.

ती आजारी पोरावर हात ठेवून प्रार्थना करेना. आया पोर घेऊन दारात आल्या की आतूनच ओरडायची, "दवाखानामा जा पहिले." त्या व्हिडिओमुळे लांबलांबून लोक यायचे. एकदा पारोळ्याहून एक बाई लुळं पोर कडेवर घेऊन आली, दोन एसटी बदलून. अक्का खोलीत पत्र्याच्या पेटीमागे जाऊन बसली आणि बाहेर आली नाही. त्या बाईला मी जेवू घालून परत पाठवलं. तिने जाताना मला विचारलं, "ती मुलगी कशी आहे आता, व्हिडिओतली?" मी म्हटलं, "बरी आहे." मी, जी लोकांना थर्मामीटरचं सांगते, ती तोंडावर खोटं बोलले. का बोलले ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

अशी पाच वर्षं गेली. यंदा श्रावणात रुपलीच्या धाकटीला, डिंपलला, कळा आल्या. तिलाही तेच आहे. पण शीतलनंतर रुपली शहाणी झाली होती. डिंपलच्या कॅप्सूल एक दिवस चुकत नव्हत्या, मी स्वतः पाकिटं तपासायची. या वेळी कळा आठ दिवस टिकल्या, पोर दवाखान्यात राहून आली आणि बरी झाली. चर्चमध्ये तिच्यासाठी उपासही झाले होते.

पाळक रुपचंदसाहेब चांगला माणूस आहे. भोळा आहे, आणि भोळा माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं लबाडाच्या बापाला जमत नाही. त्याने ठरवलं की कापणीच्या सणाला डिंपलची साक्ष व्हायची. त्या दिवशी धुळ्याहून पाहुणे येतात, मांडव असतो, लोक शेतातली केळी, कणसं, भोपळे आणून देवापुढे ठेवतात. थोरली देवाने नेली आणि धाकटी राखली, अशी साक्ष, आणि ती अक्कानेच द्यायची. रुपली पाकिटं मेजावर ठेवणार. मी पाळकाच्या घरी जाऊन भांडले. तो म्हणाला, "सिस्टर, रुपलीताईच हो म्हणाल्यात." मला पटेना. रुपलीकडे गेले. ती कापूस वेचून नुकतीच आली होती, मान खाली घालून चूल फुंकत राहिली. "पाळक सांगतात तर नाही कसं म्हणू," एवढंच बोलली. रुपली आमच्याशी मोडकीतोडकी मराठी बोलते; आपली पावरी बोली ती पाड्यावर ठेवून येते.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, अक्का माझ्या घरी आली. पाणी घेतलं नाही. खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "चारू, तो इडिओ लाव."

तिने पाच वर्षांत तो कधी पाहिला नव्हता. कोणी दाखवायला लागलं की तोंड फिरवायची. मी लावला. ती वाकून पाहत राहिली. तिसऱ्या मिनिटाला तिने बोट ठेवलं. "आठे. आठे थांबाड."

मी तो व्हिडिओ शेकडो वेळा पाहिला असेन, पण कायम अक्काच्या तोंडाकडे पाहिलं होतं. आता खाली पाहिलं. अक्का बोलतेय आणि शीतल तिचा पदर ओढतेय. एकदा. मग थांबून पुन्हा, जरा जोरात. मान वर करून ओठ हलवतेय. अक्का तिच्या खांद्यावर हात ठेवते, थोपटते आणि बोलत राहते. शीतल पदर सोडते.

"माले कळी राहिनं व्हतं तवय," अक्का म्हणाली. "पोर काही सांगी राहिनी, हाई कळनं माले. पन मी बोली राहिनू व्हतू ना. इतला लोक ऐकी राहिनथात. ती काय सांगी राहिनी व्हती, चारू?"

पाय दुखतात म्हणाली असेल. तहान लागली म्हणाली असेल. सात वर्षांचं पोर, काहीही असेल. मी आवाज वाढवून, फोन कानाला लावून ऐकलं. लोकांच्या 'आमेन'खाली काही ऐकू येत नाही.

मग तिने मला बुधवारचं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्याकडे न बघता.

"बुधवारले दुपारले रुपली उनी व्हती. एकटीच. म्हने, अक्का, पोरनं आंग तापी राहिनं, यावलले लई जाऊ का? नि मी तिले सांगं, ऐतवारले तू इतला लोकस्ना समोर उभी ऱ्हायनी. तीन दिनमा दवाखानामा गयी तर लोक काय म्हनतीन? ऐतवारलोंग दम धर."

दम धर. मी परिचारिका आहे, आकडे मला पाठ असतात. बुधवारी दुपारी यावलला पोहोचली असती तर सलाईन, इंजेक्शन, गरज पडली तर रक्त. ती पोर आज बारा वर्षांची असती. मला इतका संताप आला की मी अक्काला म्हटलं, "तू मारलीस तिला." असंच म्हटलं. तीस वर्षांच्या भांडणात मी तिला इतकं वाईट कधी बोलले नव्हते. तिने मान हलवली. ती ते ऐकायलाच आल्यासारखी आली होती.

"सकाय मी काय बोलू?" तिने विचारलं.

माझा राग ओसरला आणि अक्कल आली, म्हणजे भित्री अक्कल. मला दिसलं ते असं: धुळ्याचे पाहुणे, भरलेला मांडव, आणि आमच्या चर्चची बायबलबाई उभी राहून सांगतेय की माझ्यामुळे पोर मेली. आधीच बाहेर आमच्याविषयी लोक काय काय बोलतात. त्यांना आयतं कोलीत. शिवाय अक्काची खोली चर्चची आहे, एकाहत्तराव्या वर्षी ती जाणार कुठे? मी म्हटलं, "तू उद्या आजारी पड. साक्ष होणार नाही. मी रुपलीला गुपचूप सांगते, पाकिटं रिकामी ठेव आणि गोळ्या चालू राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

अक्का उठली. "गुपचूप सांगीसन काय व्हई?" ती म्हणाली. "तवय बी बठ्ठं गुपचूपच व्हतं."

रविवारी मूळ उपासना आत चर्चमध्येच झाली; आत माणूस मावत नव्हता म्हणून बाकीचे बाहेर मांडवात कर्ण्यावर ऐकत होते. मेजाभोवती केळीचे घड, भोपळे, कापसाची बोंडं. साक्षीची वेळ आली. पाळकाने नाव घेतलं. अक्का उठली, आणि डिंपल तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. रुपलीने पुढे येऊन पाकिटं मेजावर ठेवली, भरलेली, आणि जागेवर जाऊन बसली. मी तिला सांगायला गेले होते सकाळी. ती भेटली नव्हती. तीन-चार मोबाइल वर झाले.

अक्काचा पदर डिंपलने धरलेला नव्हता, तरी तिने तो ओढून हातात घट्ट धरला. मग बोलली. पुस्तकी मराठीत नाही. बाजारात बोलावं तशी, अहिराणीत.

"आज साक्ष नही. आज मी मनी चूक सांगस. मोबाइल बंद करू नका, ऱ्हाऊ द्या." ती थांबली. "शीतलले देव लई गया, असं तुम्ही म्हनतस. देववर नका टाकू. तिनी माय माले इचाराले उनी व्हती, पोरले ताप शे, दवाखानामा लई जाऊ का. मी तिले थांबाडं. मनी साक्ष खोटी पडाले नको, असं वाटनं माले. साक्ष ऱ्हायनी. पोर गयी."

बाहेर कर्ण्यावर शेवटचे दोन शब्द एकदा घुमले आणि विरले. अक्का मेजाकडे वळली, पाकिटं उचलली आणि डिंपलच्या हातात दिली. "ह्या गोळ्या आठे ठेवाना नहीत. घर लई जा. दररोज खा. ताप उना तर कोन्हाले इचारू नको, माले बी नही."

पाळकाने गडबडीत गीत सुरू केलं. पेटीवाल्याने दोन सूर धरले. कोणीच सूर लावला नाही, तेव्हा पाळकाचा एकट्याचा आवाज चालू राहिला आणि दुसऱ्या ओळीवर थांबला. मागून कोणी तरी पुरुष म्हणाला, "हिला खोलीत कशाला ठेवलंय मग?" दुसरा एक म्हणाला, पोलिसांत द्यायला पाहिजे. अक्का तिथेच उभी होती. तिला यातलं काहीही मंजूर होतं, हे तिच्या उभं राहण्यातून कळत होतं.

तेव्हा माझ्या शेजारून रुपली उठली.

"अक्काला एकटीला नका बोलू," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अक्का जा म्हणली असती तरी मी गेली नसती. भुरानी गुरुवारी जीप आणली होती दारात. मीच परत पाठवली."

भुरा दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

"अक्का साक्ष बोलली त्या रविवारी चारू सिस्टर बाकावर सरकली. म्हणली, रुपली, इकडे बस. बारा वर्षं मी येत होती चर्चला. कोणी सरकलं नव्हतं. शीतलला दवाखान्यात नेलं असतं तर लोक म्हणले असते, हिची पोर बरी झालीच नाही. मग मला परत खाली बसावं लागलं असतं." तिने श्वास घेतला. "पोर गेली. जागा राहिली. आज डिंपलच्या गोळ्या नाही ठेवल्या तर जागा जाईल, म्हणून ठेवल्या."

आमच्या चर्चमध्ये पुढे चार बाकं आहेत, मागे सगळी सतरंजी. बाकांवर आम्ही कंपाउंडातली कुटुंबं बसतो, सतरंजीवर पाड्यावरचे लोक. असं कोणी ठरवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. पहिल्यापासून आहे. त्या रविवारी शीतलची साक्ष ऐकून मला भरून आलं होतं आणि मी रुपलीला माझ्या शेजारी बसवलं. तेव्हापासून गेली पाच वर्षं, दर रविवारी, ती माझ्याच शेजारी बसते. मी हे आतापर्यंत सांगितलं नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. उलट मनात कुठे तरी मी ते माझ्या चांगुलपणाच्या खात्यात धरलं होतं.

रुपली पुढे गेली. डिंपलचा हात धरला आणि तिला घेऊन मागे सतरंजीवर, बायकांच्या मध्ये जाऊन बसली. मग तिने अक्काकडे पाहिलं आणि जरा सरकली. अक्का हळूहळू चालत गेली, गुडघ्यावर हात टेकत तिच्याजवळ खाली बसली. डिंपल दोघींच्या मध्ये, मांडीवर गोळ्या.

उठावं आणि मागे जाऊन बसावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. माझे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वेळी गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. माझ्या मागे तीन बाकं भरलेली होती, आणि मी उठले असते तर त्यांना माझ्याकडे पाहावं लागलं असतं.

पाळकाने प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले आणि बाकावरच बसून राहिले.